हातावर ठेवलेला कोरा कागद

तुमच्या घरातली मुलगी रागीट आहे की आजारी आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

नीट आठवून सांगा. तिच्या मानेकडे बघितलं होतंत? तिचा हात हातात घेतला होतात? की ती ताट आपटते, थंडीत पंखा लावते आणि बोलताना डोळे मोठे करते, एवढ्यावरून निकाल देऊन टाकलात? माझ्या बाबतीत तो निकाल सगळ्यांनी मिळून दिला होता. घरच्यांनी, कॉलेजातल्यांनी, वस्तीतल्यांनी. निकाल असा, की हिला टेन्शन आहे. आणि शिक्षा अशी, की हिला चित्रं रंगवायला बसवा.

मला झालेल्या आजाराची शास्त्रीय माहिती इथं मिळणार नाही. गळ्यातली एक छोटी ग्रंथी वेड्यासारखी काम करायला लागते आणि सगळं शरीर पळत सुटतं, एवढं पुरे. बाकीचं डॉक्टरांना विचारा. मी सांगणार आहे ते डॉक्टर सांगत नाहीत.

टाकी गळून राह्यली

आमचं घर साखरखेर्ड्यात. आबा, म्हणजे माझे वडील, पुस्तिका विकतात. कुठं सभा असो की मेळावा, मैदानाच्या कडेला सतरंजी अंथरायची आणि त्यावर दोन रंगांत छापलेल्या पातळ पुस्तिका मांडायच्या. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मुखपृष्ठांवर बोट फिरवून. परीकथा मला कुणी सांगितल्या नाहीत. ‘जाहीर सवाल’ आणि ‘नम्र आवाहन’ हे शब्द मात्र शाळेत जायच्या आधीपासून येत होते. म्हणून माझं लिहिणं असं टोचतं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही.

आमच्या वस्तीची एक रीत आहे. जयंतीच्या आधी विहाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक वाक्य लिहायचं. दरवर्षी नवं. उसनं चालत नाही, कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी चालत नाही. वस्तीनं एकत्र बसून, भांडून, स्वतःचं ठरवायचं. आणि गेली काही वर्षं ते वाक्य भिंतीवर उतरवायचं काम माझं. आधी खडूनं आखणी, मग हाताखाली काठी धरून निळ्या ऑइलपेंटनं अक्षरं भरायची. माझं भिंतीवरचं अक्षर बसस्टँडवरून वाचता येतं असं लोक म्हणायचे. मला त्याचा गर्व होता.

त्या वर्षीचं वाक्य होतं, ‘पाणी सगळ्यांचं, तर टाकी कुणाची?’

‘पाणी’ नीट उतरलं. ‘टाकी’ला आले आणि काना सरळ येईना. ब्रश खाली ओढावा तर रेषेला लाटा. पुसलं, पुन्हा ओढलं, पुन्हा लाटा. काठी घट्ट धरली तर काठीच हलायला लागली. खाली जयंती मंडळातली माणसं उभी होती. त्यातल्या एकानं आवाज दिला, “ताई, टाकी गळून राह्यली वाटते!”

सगळे हसले. मी ब्रश फेकला. त्याचा निळा डाग विहाराच्या पायरीवर अजून आहे.

“बाप रे, काय भडकते!”

“पुढच्या वर्षी फ्लेक्स लावू ना बे. कायले ही कटकट? एका फोनवर काम होते.”

आबा तिथंच होते. ते अभिमानानं म्हणाले, “पोरगी निखारा हाय माही. तिले हसू नका.”

फ्लेक्स म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. वर छोटंसं वाक्य आणि खाली हात जोडलेले शुभेच्छुक, एकापेक्षा एक गुळगुळीत. वस्तीचा आवाज त्या गर्दीत उभं राहायला जागा शोधतो. माझा हात पुढच्या जयंतीपर्यंत ताळ्यावर आला नाही तर भिंत त्या गुळगुळीत तोंडांकडे जाणार होती. त्या दिवसापासून ती एक भीती माझ्याकडं राहायला आली.

सगळ्यांकडे उत्तर होतं

मी ताटभर जेवायची आणि वाळत जायची. रात्री झोप नाही, दिवसा घाम. जिना चढले की छातीत ढोल. आमच्या घरात कुणी वैद्य नाही, पण निदान करायला सगळे तयार.

माझे मामा मेहकरला शिक्षक होते. निवृत्त झाले तरी छडी सुटली नाही, फक्त आता ती जिभेला बांधलेली असते. ते आले की माझ्यासमोर आईला म्हणायचे, “हिले सांग, एवढं टेन्शन घेऊ नको. अन् डोळे काऊन वटारून राह्यली माह्याकडं?”

“वटारले नाहीत, मामा. ते तसेच आहेत.”

“पाह्य, उलटून बोलते. लग्न करून द्या तिचं. डोळे आपोआप खाली येतीन.”

खरोखर माझे डोळे पुढं आले होते. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. आरशात मी ते बघत होते आणि मामाही बघत होते. फरक एवढाच, की त्यांना त्यात उद्धटपणा दिसत होता. आपल्याकडं बाईचे डोळे सुजले तर ती रडली असणार, मोठे झाले तर ती माजली असणार. तिसरं कारण असू शकतं हे सुचायला जेवढी अक्कल लागते, तेवढी निवृत्तिवेतनासोबत मिळत नाही.

मोबाईलवर रोज सकाळी कमळाची चित्रं यायची. ‘शांत राहा, जग सुंदर आहे.’ पाठवणारी माणसं तीच, जी वस्तीच्या पाण्याचा प्रश्न निघाला की गटातून बाहेर पडतात.

आणि आमच्या चळवळीतली माणसं? त्यांचं काही वेगळं नव्हतं. त्यांनी माझ्या रागाला टाळ्या दिल्या. मामांनी त्याच रागाला शिव्या दिल्या. माझी नाडी दोघांपैकी कुणीही धरली नाही.

रेषेच्या आत शांती आहे

मी मेहकरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. त्या पावसाळ्यात तिथल्या स्टाफरूममध्ये मी ओरडले. विषय असा, की मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. हे मी वर्षभर सांगत होते. त्या दिवशी ओरडून सांगितलं.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण तुमचा टोन बघा. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.”

मग दाराला कडी लावायच्या ऐवजी त्यांनी कॉलेजात शिबिर भरवलं. रंगांतून तणावमुक्ती. शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या. खादीची ओढणी, मधाळ आवाज, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी डोळे मिटून घ्यायची सवय. त्यांनी आम्हाला गोल नक्षीच्या झेरॉक्स वाटल्या. पाकळीत पाकळी, वर्तुळात वर्तुळ. मध्यापासून रंगवत बाहेर यायचं.

“रेषेबाहेर जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “रेषेच्या आत शांती आहे.”

आमची वस्तीच गावाच्या रेषेबाहेर आहे, हे मी त्यांना सांगणार होते. पण माझी पेन्सिल तोवर दोन पाकळ्या ओलांडून गेली होती.

“मॅडम, माझा हात थरथरतोय.”

त्यांना आनंद झाला. खोटं सांगत नाही, त्यांचा चेहरा उजळला. “छान! म्हणजे आत साचलेलं बाहेर येतंय. थरथरू द्या. तुमचं मन बोलतंय.”

मन नव्हतं बोलत. गळा बोलत होता. पण मॅडमना गळ्यात रस नव्हता.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, कारण मी पत्रक लिहीत नाही, अनुभव लिहिते आहे. माझ्या शेजारी ग्रंथालयातल्या बाई बसल्या होत्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, बाहेर नोकरी. त्या अर्धा गोल रंगवेपर्यंत त्यांचे खांदे खाली आले. हळूच डोळे पुसून त्यांनी पुढची पाकळी घेतली. ते खरं होतं. त्यांच्या शरीराला तेवढीच विश्रांती हवी होती आणि ती मिळाली. चित्रानं ताण हलका होतो, हे खोटं नाही. खोटं पुढं सुरू होतं. एकीचा हलका झाला म्हणून सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांवर तीच झेरॉक्स चालते, असं मानलं की कडी लावावी लागत नाही आणि डॉक्टरही लागत नाही. संस्थेला यापेक्षा स्वस्त काय मिळणार?

शेवटी सगळ्यांचा फोटो निघाला. कॉलेजच्या गटात तो ‘तणावमुक्त परिवार’ म्हणून फिरला. त्यात मी कडेला आहे. गळ्यावर सूज, डोळे बाहेर, गालाची हाडं वर. कुणीही डोळसपणे बघितलं असतं तर त्या फोटोवरून मला दवाखान्यात नेलं असतं. त्याला भरपूर अंगठे मिळाले.

त्यानंतर आईनं ते मनावर घेतलं. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती माझ्यासमोर झेरॉक्स ठेवायची आणि पेन्सिलींना टोक काढून द्यायची.

“रंगव ना बाई. मॅडमनं सांगतलं ना, रोज रंगवाव म्हणून.”

“आई, माझ्यानं होत नाही.”

“मन लावत नाही तू. मन लावलं तर काऊन होणार नाही?”

हीच या उपायातली सगळ्यात घाण गोष्ट. गोळीनं गुण आला नाही तर आपण गोळीला दोष देतो. चित्रानं गुण आला नाही तर दोष तुमच्या मनाचा. रोज माझा हात जास्त थरथरायचा आणि रोज मी जास्त नालायक ठरायची. शांत व्हायलासुद्धा मला जमत नव्हतं. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, थंडी पडली. मी पंख्याखाली बसून पाकळ्या खराब करत राहिले.

कागद वाजला

माझ्यासाठी मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. मी आईला नेलं, तिच्या गुडघ्यासाठी. मेहकरच्या त्या दवाखान्यात आम्ही बराच वेळ बाकावर बसलो. आमचा नंबर आला. डॉक्टर बाईंनी आईकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

“आईंचं बघू नंतर. आधी तुम्ही बसा.”

“मला काही नाही झालं. टेन्शन आहे फक्त.”

“कुणी सांगितलं?”

यादी मोठी होती.

त्यांनी पाण्याचा पेला दिला. घोट घ्या म्हणाल्या, आणि मी गिळताना माझ्या गळ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हात समोर करा, बोटं पसरा. टेबलावरच्या वहीतला एक कोरा कागद फाडून त्यांनी माझ्या पसरलेल्या बोटांवर आडवा ठेवला.

कागद वाजायला लागला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडं. वारा नव्हता, पंखा बंद होता, आणि तो कागद पिंपळाच्या पानासारखा सळसळत होता. खोलीत तेवढाच आवाज. मी हात दाबून धरायचा प्रयत्न केला, तो अजून मोठ्यानं वाजला. इतके महिने माझ्यापुढं कागद ठेवले गेले होते, नक्षीचे, रेषांचे, पाकळ्यांचे. सगळ्यांना मी त्यावर काही करायला हवं होतं. पहिल्यांदा कुणीतरी कोरा कागद ठेवून नुसतं बघितलं.

आई रडायला लागली. “मी तिले रंगवाले बसवत होती, बाई,” ती डॉक्टरांना म्हणत होती. “रोज बसवत होती मी.”

“काय रंगवायला?” डॉक्टरांना कळेना.

त्यांनी हृदयाचा आलेख काढला. ठोके नुसते जोरात नव्हते, वेडेवाकडे पडत होते. आजच्या आज भरती व्हा म्हणाल्या, घरी जाऊन कपडे आणायलाही थांबू नका. आम्ही तिथूनच बुलढाण्याला निघालो. आईचा गुडघा तसाच राहिला. गाडीत तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि तो थांबत नाही म्हणून ती अजून घट्ट धरत होती.

नसरीनबी

सरकारी दवाखान्याचा दिवस फिनेलच्या वासानं उगवतो. झाडू, चहा, सिस्टरचा हात मनगटावर, गोळी. मग डॉक्टरांचा राउंड, मग डबे घेऊन येणारे नातेवाईक, आणि मग ती रिकामी दुपार. नातेवाईक गेलेले असतात, गोळी पोटात असते आणि अजून काही करत नसते. उशीला कान लावला की माझे ठोके मला ऐकू यायचे. एक पडायचा, मग अडखळायचा, मग दोन घाईनं एकमेकांवर पडायचे. मी पुढच्या ठोक्याची वाट बघत पडून राहायची. तो आला नाही तर? आणि आला, पण हात असाच राहिला तर? मंडळाच्या माणसांनी फ्लेक्सवाल्याशी बोलणं केलंय, असं आईच्या तोंडून निसटलं होतं.

शेजारच्या खाटेवर लोणारच्या नसरीनबी होत्या. दम्यानं आलेल्या. घरचं बांगड्यांचं दुकान, म्हणून हात रिकामे ठेवायची सवय नाही. आईनं घाईत कुणाकडून तरी माझी पिशवी मागवली, तर त्यात त्या झेरॉक्स आल्याच होत्या. नसरीनबींनी एक उचलली.

“ये क्या है बेटी? रांगोळी?”

“टेन्शन कमी करायचे कागद आहेत.”

“हाव? मंग माह्या सुनेले दे दोन-चार.” त्यांनी कागद मांडीवर पसरला, पदराच्या गाठीतले भाजलेले शेंगदाणे त्याच्या मधोमध ओतले, गुळाचा खडा बाजूला ठेवला आणि कागद माझ्याकडं सरकवला. “घे. खरंच कमी झालं पाह्य टेन्शन. भूक लागली होती.”

त्या दुपारी मी दुसरी झेरॉक्स उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूला मामा काढले. सकाळीच येऊन गेले होते. भरती झालेल्या भाचीला बघूनही त्यांनी “टेन्शन घ्यायचं नाही” हेच म्हटलं होतं. मी त्यांच्या जिभेला छडी बांधली. मिशी काढताना हात थरथरला आणि मिशीला लाटा आल्या.

नसरीनबींनी मान वर करून बघितलं. “तुह्या मामाले हिव भरलं का वं?”

मी हसले. किती महिन्यांनी, ते मोजलं नाही. त्याही हसल्या, त्यांना खोकला आला, सिस्टर धावत आली, तिनं चित्र बघितलं आणि म्हणाली, “माझं काढलंस तर सुई जाड घेईन, सांगून ठेवते.”

त्यानंतर मी रोज काढलं. टेन्शन हा शब्द ज्यानं उच्चारला, तो कागदावर आला. प्राचार्य कडी नसलेलं दार धरून उभे राहिले. मधाळ मॅडम डोळे मिटून गटारीत पाय टाकताना. नसरीनबी ऑर्डर द्यायच्या. “माही नणंद काढ. मी सांगतो कशी हाय. नाक असं, की दुसऱ्याच्या घरात ती जायच्या आधी तेच जाते.” वॉर्डातल्या बाया सरकत माझ्या खाटेपर्यंत यायच्या. एकीला नवरा काढून हवा होता, एकीला सरपंच. थरथरीचा उपयोग व्हायला लागला. माझ्या रेषेत सगळे भित्रे दिसायचे. सगळ्यांना हिव भरलेलं.

ही सुंदर चित्रं नव्हती. मनाचा आरसा, आत्म्याची शांती असलं काही नव्हतं. ती चांगली खुनशी चित्रं होती. आणि ती काढताना मी उशीला कान लावत नव्हते.

आपला कोणता?

आबा पहिले काही दिवस आलेच नाहीत. आई म्हणायची, मेळावा आहे. मला माहीत होतं, मेळावा नाही.

आले तेव्हा स्टुलावर बसले, पुस्तिकांची पिशवी मांडीवर धरून.

“डॉक्टरीन म्हणते, तो राग बी ह्या बिमारीतलाच.”

“थोडा असेल, आबा.”

“मंग त्यातला आपला कोणता?”

हा प्रश्न मला ठोक्यांपेक्षा जास्त घाबरवत होता, आणि आजवर मी तो कुणाला बोलून दाखवला नव्हता. गोळीनं नाडी उतरेल, डोळे उतरतील, आणि सोबत मीही उतरले तर? सकाळी कमळ पाठवणारी बाई होऊन बसले तर? ज्यांनी मला वेडी ठरवलं ते सगळे म्हणतील, बघा, गोळी दिली आणि तत्त्व गेलं.

मी म्हटलं, “हलू नका.” आणि कागद घेतला. बोलायचं टाळायला दुसरं काही नव्हतं हाताशी.

मी आबांचीही फजिती करणार होते. निखारा म्हणून टाळ्या देणारा बाप. पण फजिती करायलाही आधी माणूस बघावा लागतो. मी बघायला लागले. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. आयुष्यभर पिशवीचा पट्टा त्याच खांद्यावर. मी त्या पिशवीच्या मागं मागं फिरत वाढले, आणि तो खांदा मी कधी बघितलेला नव्हता. कानाच्या पाळ्या लोंबल्या होत्या. शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. आई दवाखान्यात, म्हणजे त्यांनीच लावलं असणार.

खांद्याची उतरती रेष मी हळूहळू ओढली. तिथं थट्टा येईना.

आबा न हलता बोलले. “मी तुले निखारा म्हणत होतो. निखाऱ्याले ताप हाय का, हे कोण पाह्यते?”

मी पेन्सिल थांबवली नाही. थांबवली असती तर दोघंही रडलो असतो, आणि वॉर्डातल्या बायांना तेवढा तमाशा फुकट का द्यायचा? चित्र पूर्ण केलं आणि त्यांना दिलं. त्यांनी ते पिशवीत, पुस्तिकांच्या मधे ठेवलं. चुरगळू नये म्हणून.

आता कुणी विचारेल, मग चित्रानं तुझा ताण गेला की नाही? सरळ सांगते. नाडी गोळीनं उतरली. ठोके गोळीनं सुधारले. पेन्सिलीला त्याचं श्रेय देणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा शिबिरं भरवणारा. पण गोळी चढायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस एकटा असतो. भीती त्या वेळात येऊन उशाशी बसते. चित्र काढताना माझी नजर माझ्या छातीतून बाहेर पडून दुसऱ्या कुणाच्या तरी नाकावर, मिशीवर, खांद्यावर जायची. तेवढं चित्र करतं. ते कमी नाही. ते औषध मात्र नाही. आणि दुसऱ्यानं छापलेल्या रेषेत रंग भरताना माझ्या बाबतीत तेही झालं नाही, कारण तिथं बघायला कुणी नव्हतंच.

भिंत

घरी आले. गोळी अजून चालू आहे, तपासण्या चालू आहेत, डोळे पूर्ण मागं गेलेले नाहीत. कदाचित जाणारही नाहीत. मामांना त्रास होत राहील, इलाज नाही.

कॉलेजात पहिल्या दिवशी आधी त्या दाराकडं गेले. कडी नव्हती. मी उभी राहिले आणि छातीकडं लक्ष दिलं. नाडी शांत. हात शांत. आणि राग? राग होता. थंड, स्वच्छ, जागच्या जागी. आबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दारात उभं होतं.

दुसऱ्या दिवशी कडी आणि स्क्रू घरून नेले आणि मुलींना घेऊन बसवली. प्राचार्य आले. “अहो मॅडम, शांतपणे सांगायचं होतं, आम्ही लावली असती.” मी शांतपणे म्हटलं, “सर, वर्षभर शांतपणेच सांगितलं होतं. ओरडले तेव्हा तुम्ही रंग वाटलेत.” ते गेले.

जयंती जवळ आली. विहारात बैठक बसली. मंडळाचा माणूस म्हणाला, “ताईची तब्येत नाजूक हाय. औंदा फ्लेक्सच लावू.” मी उठले, त्याच्या वहीतला एक कोरा कागद मागितला, बोटं पसरली आणि आईला म्हटलं, ठेव.

आईनं कागद ठेवला. सगळे बघत होते. कागद पडून राहिला, जसा कागद पडून राहतो.

वाक्यावर नेहमीसारखं भांडण झालं. शेवटी वस्तीनं ठरवलं, ‘दुखतं त्याला दुखतं म्हणा.’ काही जणांना ते जयंतीला शोभेल का, अशी शंका होती. आबा म्हणाले, पाण्याच्या टाकीले बी हेच लागू होते, आणि शंका मिटली.

मी शिडीवर चढले. चुन्याखालून मागच्या वर्षीची गळकी टाकी अंधुक दिसत होती, तिच्यावरूनच लिहिलं. काने सरळ उतरले. शेवटचा तेवढा जरा हलला. आजार नव्हता तो. शिडी आबांनी धरली होती, आणि त्यांचं लक्ष शिडीकडं कमी आणि वाक्याकडं जास्त होतं.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि ते आजच करा. तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत जिला तुम्ही तापट, चिडकी, टेन्शनवाली म्हणून मोकळे झाला आहात, तिच्याकडं जा. तिला हात समोर करून बोटं पसरायला सांगा. पंखा बंद करा. एक कोरा कागद तिच्या हातांवर ठेवा आणि तोंड बंद ठेवून बघा. कागद वाजला तर उठा आणि तिला दवाखान्यात न्या. नाही वाजला तर तिला विचारा, कडी कुठल्या दाराला नाही. रंगपेटी नंतर द्या.